एकवीस पॉइंट चार

शनिवारी सकाळी भांडी विसळून झाल्यावर परवीनने नळ बंद केला, हात कुर्त्याला पुसले आणि रोजच्यासारखं "अब्बा, ठीक?" असं विचारायला तोंड उघडलं, तोच बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं, "ठीक आहे." प्रश्न अजून तिच्या जिभेवरच होता. अम्मी गेल्यापासून चार वर्षं हा रिवाज चालला होता. स्वयंपाकघरातून तिने विचारायचं आणि खिडकीपाशी पेपर धरून बसलेल्या मेहबूब तांबोळींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मान न वळवता सांगायचं. एवढ्यावर बापलेकींचं भागायचं.

"अब्बा, मी अजून विचारलंच कुठे?"

"तू तेच विचारणार, मी तेच सांगणार. मग वाट कशाला बघायची?"

तिला हसू आलं. हसता हसता तिने विसळलेली ताटली उचलली आणि ती ठेवायच्या आतच थबकली, जिन्याची आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकल्यावर माणूस थबकतो तसं. पहाटे अब्बा दोनदा उठले होते, गुडघा धरून बसले होते, हे तिने भिंतीपलीकडून ऐकलं होतं. तरी 'ठीक'. ते 'ठीक' त्यांच्या गुडघ्यातून आलंच नव्हतं. ते कालच्या 'ठीक'मधून आलं होतं, आणि कालचं परवाच्या. "एकवीस पॉइंट चार," असं ती मोठ्याने बोलून गेली. अब्बांनी पेपर खाली केला. काय म्हणालीस, असं त्यांनी विचारलं, तर ती काही नाही म्हणाली आणि तशीच ओट्याला धरून उभी राहिली. लोणावळ्याच्या भांगरवाडीतल्या त्या दोन खोल्यांत एकदम हवा कमी झाली होती.

एकवीस पॉइंट चार हे एका बॅटरीचं तापमान होतं. बॅटरी एका उपग्रहात होती आणि उपग्रह तीन महिन्यांपूर्वी निकामी झाला होता. तळेगावच्या पलीकडे औद्योगिक वसाहतीत परवीनची कंपनी लहान उपग्रह बनवायची, अगदी चपलांच्या खोक्याएवढे; आणि उपग्रहाने आपल्या जिवाची खबर खाली कशी पाठवायची, किती ऊन लागतंय, किती ताकद उरलीय, हे सगळं ठरवण्याचं काम सहा वर्षं परवीनकडे होतं. उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी घालतो, त्यातली दहा मिनिटं कुठल्यातरी देशातल्या, भाड्याने घेतलेल्या अँटेनाच्या तबकडीला दिसतो, आणि तेवढ्यात त्याचं बोलणं ऐकून घ्यायचं असतं. त्या दिवशी सकाळच्या पाळीला गौरव ओव्हाळ बसला होता. सुदुंबऱ्याचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, परवीननेच मुलाखत घेऊन घेतलेला. पाच फेऱ्या त्याने ऐकल्या आणि पाचही वेळा पडद्यावर एकवीस पॉइंट चार हा आकडा हिरवा, म्हणजे बॅटरी ठणठणीत दिसली. पाचव्या फेरीला ठरल्याप्रमाणे त्याने कॅमेरा चालू करायची कमांड दिली आणि उपग्रह जो मुका झाला तो आजतागायत. चौकशी बसली. बॅटरी ठीक, यंत्र ठीक, मग उरला कोण? ज्याने बटण दाबलं तो. गडबडीत त्याने कमांड दोनदा दिली असणार, म्हणून उपग्रह गोंधळला, असा निष्कर्ष निघाला आणि गौरवला काढून टाकलं. अहवालाखाली तीन सह्या होत्या आणि मधली परवीनची. गौरव मात्र शेवटपर्यंत एकच सांगत राहिला, "एकदाच दाबलं मॅडम." त्याच्या लेखी जबाबात आणखी एक वाक्य होतं, 'मी दर फेरीला आकडा पाहत होतो, आकडा बदलला नाही.' त्या वाक्याखाली परवीनने पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि बाजूला एक शब्द लिहिला होता: टाळाटाळ.

जेवणाच्या टेबलावर तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर आकडा एकाच दशांशापर्यंत दिसतो, पण खाली उतरलेल्या मूळ नोंदीत चार स्थळं असतात, आणि ती चार स्थळं चौकशीत कुणी उघडून पाहिली नव्हती. कशाला पाहतील? हिरव्या आकड्याची उलटतपासणी कोण करतं? तिने उघडली. पहिल्या फेरीत एकवीस पॉइंट चार तीन सात पाच. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फेरीत तेच, तेच, तेच. अर्धा वेळ उन्हात आणि अर्धा वेळ सावलीत फिरणाऱ्या वस्तूचं तापमान सहा तासांत दहा-हजारांश अंशानेही हलत नाही? चुलीवरून उतरवलेलं दूधसुद्धा एवढं स्थिर राहत नाही. म्हणजे बॅटरीचा हीटर पहिल्या फेरीच्या आधीच बंद पडला होता, बॅटरीची पेटी गोठली होती, पेटीतलं मोजणारं कार्डही गोठून गप्प झालं होतं, आणि कॅमेऱ्याचा भार पडताच ती गोठलेली बॅटरी बसली. आणि कार्ड गप्प असताना आकडे पाठवत कोण होतं, हे शोधायला परवीनला फार लांब जावं लागलं नाही. उपग्रहातल्या प्रोग्रॅमची ती फाइल तिला घराच्या जिन्याइतकी पाठ होती. नवीन आकडा आला नाही तर जुनाच पाठव, अशी एक ओळ. शेजारी सहा वर्षांपूर्वीची तारीख, तिची आद्याक्षरं, आणि तिनेच लिहिलेला शेरा: तात्पुरतं.

आपल्याकडे तात्पुरतं म्हणून बांधलेलं सगळ्यात जास्त टिकतं. तो दिवस तिला स्वच्छ आठवला. पैसे गुंतवणारे पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते आणि पडद्यावर आकड्यांचा कधी एक चौकोन रिकामा पडायचा, कधी दुसरा. डायरेक्टर प्रदीप सर मागे उभे राहून म्हणाले होते, "परवीन, हे रिकामे चौकोन फार वाईट दिसतात गं. पाहुणे घाबरतील." तिने दोन मिनिटांत ओळ लिहिली. चौकोन भरले. सरांनी पेढे मागवले. पेढ्याची वेलची सहा वर्षांनी तिच्या जिभेवर आली. तिची ओळ ती 'सोय' आणि गौरवचं बोट ती 'चूक', आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. म्हण तिला शाळेपासून माहीत होती, पण ती आपल्याला लागू होईल असं म्हणी शिकताना कुणालाच वाटत नाही. आणि हे एवढ्यावर थांबत नव्हतं. तीच ओळ दुसऱ्या उपग्रहातही होती, तो खोक्यात बंद होऊन सोमवारी रवाना व्हायचा होता, आणि त्या प्रकल्पाच्या प्रमुखाचं नाव परवीन मेहबूब तांबोळी असं होतं. बोललं तर प्रमुखपण जाणार, कदाचित नोकरी जाणार, सहा वर्षांचं नाव तर जाणारच. नाही बोललं तर एका मुलाच्या कपाळावर तिची चूक जन्मभर राहणार.

ती उठली, गॅलरीत गेली, परत आली. अब्बांच्या हातावरची जुनी, काळी पडलेली भेग तिला आज उगाच दिसत राहिली. अब्बा रेल्वेत सांधेवाले, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारे, होते, खाली घाटात, जिथे गाडीचे ब्रेक सुटले तर तिला वळवून चढावर नेऊन थांबवायला एक आंधळा रूळ काढलेला असतो. आठ वर्षांची असताना अम्मीबरोबर डबा द्यायला ती तिथे गेली होती. चण्यांचा आणि तापलेल्या इंजिनाचा वास तिला अजून आठवतो. एक गाडी घाट उतरत आली आणि अब्बांच्या खोलीसमोर मुकाट्याने थांबली. सगळं व्यवस्थित दिसत होतं, ड्रायव्हर चहा पीत होता. तिने विचारलं, गाडी तर चांगली आहे, मग थांबवली कशाला? अब्बा म्हणाले, "सांधा नेहमी आंधळ्या रुळाकडेच लावलेला असतो. गाडीने आधी थांबून दाखवायचं, मी ताब्यात आहे म्हणून. मग आपण सांधा फिरवायचा. चांगली आहे असं आपण धरून चालायचं नाही, बेटा." ही गोष्ट तिने किती ठिकाणी सांगितली होती! नोकरीच्या मुलाखतीत सांगितली, महिला दिनाच्या भाषणात सांगितली, टाळ्या घेतल्या, एका बाईंनी डोळे पुसले. टेलिमेट्री, म्हणजे यंत्राची दुरून खबर घेणं, मी माझ्या वडिलांकडून शिकले, असं ती म्हणायची. आणि शिकलेलं सगळं उलटं करून लिहिलं होतं, कारण चौकोन वाईट दिसत होते. तिला स्वतःची एवढी शिसारी आली की तिने अब्बांकडे पाठ केली.

घरात बसवेना म्हणून ती बाजारात गेली. थंडीचा शनिवार, पर्यटकांनी रस्ता अडवलेला, चिक्कीच्या दुकानांपुढे गाड्या वेड्यावाकड्या उभ्या, एक बाई कारमधूनच "भैया, एक किलो काजूवाली" असं ओरडत होती. गुळाच्या पाकाचा गरम वास गल्लीभर होता. परवीनला काहीच घ्यायचं नव्हतं. ती चालत होती आणि मनात वकील लावून स्वतःची केस लढत होती. ओळ मी लिहिली, पण सांगितली सरांनी. तपासली नाही ती चौकशी समितीने. समितीत मीही होते, पण एकटी नव्हते. गौरव तरुण आहे, त्याला दुसरी नोकरी मिळेल. मिळाली असेलच. मला एक्केचाळिसाव्या वर्षी कोण घेणार? सोमवारी सरांशी शांतपणे बोलू, दुसऱ्या उपग्रहातली ओळ गुपचूप काढू, जुनं उकरून कुणाचं भलं झालंय? हे शेवटचं वाक्य तिला इतकं पटलं की ती घाबरली. इतक्या सहज पटणारं वाक्य आपलं नसतं, ते आयतं आलेलं असतं. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून तिने फोनवर पत्र लिहायला घेतलं, प्रदीप सरांना आणि समितीला, ऑफिसच्या इंग्रजीत, नेहमीसारखं नेटकं. दोन पानं झाली. पाठवायच्या बटणावर अंगठा गेला आणि परत आला. आधी गौरवला सांगायला हवं, असं तिला वाटलं. ते सरळ मनाने वाटलं की पाठवणं टाळायला, हे तिला स्वतःलाच कळेना. घरी येऊन तिने लॅपटॉप घेतला, गाडीची किल्ली घेतली.

"कुठे चाललीस?" अब्बांनी विचारलं.

"सुदुंबऱ्याला. एकाचं काहीतरी द्यायचं राहिलंय."

अब्बांनी मान डोलावली. लेकीने विषय संपवला की ते उकरत नसत.

जुन्या हायवेला लोणावळ्याकडे येणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती आणि उतरणारी बाजू रिकामी होती, त्यामुळे वेळ काढायला म्हणून काही कारणच मिळेना. कामशेत गेलं. कान्हे फाट्याला तिने उगाच गाडी थांबवली, पाण्याची बाटली घेतली, अर्धी प्यायली, अर्धी हातावर ओतली. समोरून कंपनीच्या लोगोसारखा लोगो असलेली एक पांढरी गाडी गेली आणि तिने चटकन मान खाली घातली. गाडी भलत्याच कंपनीची होती. खाई त्याला खवखवे, अम्मी म्हणायची. इथून वळून परत गेले तर कुणाला कळणार आहे, असं तिच्या मनात आलं. कुणालाच नाही. अख्ख्या जगात ही गोष्ट या क्षणी फक्त तिला ठाऊक होती, आणि ती जर गप्प राहिली तर पडदा हिरवाच दिसणार होता. तिने गाडी सुरू केली ती रागाने, आणि वडगाव, तळेगाव कधी मागे पडलं ते तिला समजलं नाही.

सुदुंबऱ्यात ओव्हाळांचं घर विचारावं लागलं नाही. गौरवच्या नोकरीच्या कागदांवर 'समाजमंदिरामागे' असं तिने कधीतरी वाचलं होतं. पत्र्याचं, निळ्या रंगाचं घर, पुढे ओटा, ओट्यावर वाळत घातलेली मेथी. गौरवची आई चिमाबाई धुणं पिळत होती.

"कोन पायजे?"

"गौरव आहे का? मी परवीन तांबोळी. त्याच्या आधीच्या ऑफिसातली."

चिमाबाईचे हात थांबले. "त्या मॅडम व्हय?" तिने एकदा परवीनला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बसा. हितं सावलीला बसा. गौरव, आरं तुज्या मॅडम आल्यात."

गौरव बाहेर आला. वाळला होता. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात खोकी बांधायच्या कामाला लागलो, दुसऱ्या पाळीला जायचंय, असं त्याने न विचारताच सांगितलं. ती काही मागायला आली असेल आणि आपल्याला वेळ नाही असं ठरवून ठेवल्यासारखं. परवीनने बोलायला सुरुवात करायच्या आत चिमाबाईच बोलली. "दिव्याचं बटण दाबलं की तितंच उभा ऱ्हातो बाई. परत बघतो, एकदा दाबलं का दोनदा. ग्यासचंबी तसंच. तीन म्हैनं झालं. झोपंत बोट हलवतो."

"आई, जाऊ दे ना."

"का जाऊ दे? त्यास्नी कळू दे की."

घरून निघाल्यापासून परवीनने चार वाक्यं मनात जुळवून आणली होती. त्यातलं एकही तिला सापडलं नाही. "गौरव," ती म्हणाली, "तू एकदाच दाबलं होतंस."

त्याने शांतपणे विचारलं, "कशावरून?"

भरून यावं असा हा प्रश्न नव्हता, पण परवीनला भरून आलं. मुलगा अजून इंजिनियर होता. तिने लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे धरला. पाच ओळी त्याने वाचल्या, पुन्हा वाचल्या, शेवटच्या तीन-सात-पाचवर बोट ठेवून एकेक ओळ खाली आला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या. "हे तर गोठलेलं आहे," तो म्हणाला. "कधीपासून?"

"पहिल्या फेरीच्या आधीपासून."

"म्हणजे मी कमांड दिली तेव्हा बॅटरी मेलेलीच होती. एकदा दिली काय, दोनदा दिली काय." त्याने बोट पडद्यावरून काढलं. "मॅडम, मला आता खरंच आठवत नव्हतं हो. तुम्ही सगळे इतक्या खात्रीने म्हणालात की मला वाटायला लागलं, दाबलं असेल दोनदा. मी तेच धरून चाललो होतो."

नोकरी गेली, पगार गेला, याचा परवीनने विचार केला होता. पण एका माणसाचा स्वतःच्या बोटावरचा विश्वास आपण काढून घेतला, हे तिच्या कुठल्याच हिशेबात आलं नव्हतं. "मला माफ कर," ती म्हणाली. "माझं चुकलं."

चिमाबाईने पिळलेलं लुगडं दोरीवर टाकलं. "त्यानं दोनदा दाबलं न्हाई ह्ये मला म्हाईतच व्हतं," ती म्हणाली. "आमाला कशाला सांगता बाई? ज्यास्नी म्हाईत न्हाई त्यास्नी सांगा."

"सांगणार आहे, मावशी. पत्र लिहिलंय."

"मंग वाचा की."

पत्र इंग्रजीत होतं. परवीन फोन पुढे धरून एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. सुरुवातीच्या काळातल्या एका सोयीमुळे काही प्रसंगी जुना आकडा दिसू शकतो, असं लक्षात आलं आहे. आधीच्या निष्कर्षांचा फेरविचार करणं योग्य ठरेल. पुढच्या उपग्रहाची रवानगी थोडी लांबवावी, अशी शिफारस आहे. इंग्रजीत हे सगळं किती भारदस्त वाटलं होतं. ओट्यावर, मेथीच्या शेजारी, ते हवेतून आपोआप घडल्यासारखं ऐकू येत होतं.

"ही सोय कुनी केली?" चिमाबाईने विचारलं.

"मी."

"त्ये हाय का ह्यात?"

परवीनने फोनकडे पाहिलं. "नाही."

"आन् माज्या पोराचं नाव कुटं हाय?"

परवीनने पत्र वर सरकवलं, खाली सरकवलं. चौकशीच्या अहवालात ते नाव नऊ वेळा आलं होतं, दर वेळी बापाच्या नावासकट, पूर्ण. दोन पानांच्या या पत्रात ते एकदाही नव्हतं. तिचंही नव्हतं. सकाळपासून एवढी तडफड करून तिने असं पत्र लिहिलं होतं की ज्यात कुणी काही केलंच नव्हतं. लाजेने तिची मान वर होईना. चिमाबाई काही टोचून बोलली नाही. ती नळाशी जाऊन उरलेलं धुणं पिळू लागली, आणि तेच जास्त लागलं.

फोनची बॅटरी संपत आली होती. गौरवने तो आत नेऊन चार्जिंगला लावला. परवीनने लॅपटॉप मांडीवर ओढला, फोनच्या नेटला जोडून जुनं पत्र पुसलं आणि नव्याने लिहू लागली, या वेळी मराठीत, कुणाला वाचता येईल न येईल याची फिकीर न करता. 'सहा वर्षांपूर्वी ही ओळ मी, परवीन मेहबूब तांबोळी हिने लिहिली. ती काढायची राहिली, ती माझी चूक. त्या ओळीमुळे पाचही फेऱ्यांत खोटा आकडा दिसला. गौरव सीताराम ओव्हाळ यांनी कमांड एकदाच दिली. आकडा बदलला नाही असं त्यांनी जबाबात लिहिलं होतं. ते खरं होतं, आणि ते मी वाचून टाळाटाळ म्हणून बाजूला सारलं होतं. सोमवारी उपग्रह पाठवू नका.' आणखी सुचलं नाही. तिने ते मोठ्याने वाचलं.

"परत वाचा," गौरव म्हणाला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

तिने परत वाचलं. 'एकदाच दिली' इथे त्याने डोळे मिटले. चिमाबाईने नळ बंद केला होता.

मग परवीनने पत्र पाठवलं, सरांना, समितीला, आणि पत्त्यांच्या यादीत 'सर्व कर्मचारी' असं होतं तेही घातलं. पाठवल्यावर हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. वाटलं नाही. घरी गेल्यावर अब्बांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात येत राहिलं. चिमाबाईने चहाचं आधण ठेवलं. चार मिनिटंही झाली नसतील, आत फोन वाजायला लागला. गौरव आत गेला आणि वाजता फोन घेऊन बाहेर आला. पडद्यावर प्रदीप सरांचं नाव होतं. त्याने ते वाचलं, फोन तिच्या हातात दिला, आणि आत न जाता तिथेच उभा राहिला.